लहान शहरात राहावे का? : महाराष्ट्रातल्या एका वादाचा आढावा

सांगली, सोलापूर, लातूर, जळगाव, अकोला अशा शहरांतल्या घरांत एक चर्चा पिढ्यानुपिढ्या चालू आहे. मुलगा किंवा मुलगी पुण्यात नोकरीला लागली की तिथे फ्लॅट घ्यायचा, की इथल्या घरावर मजला चढवायचा? निवृत्तीनंतर आईवडिलांनी मुलांकडे जायचे, की मुलांनी कधीतरी परत यायचे? प्रत्येक घर आपल्यापुरते उत्तर शोधते आणि ते उत्तर त्या घरापुरतेच राहते. हाच प्रश्न राज्याच्या पातळीवर वेगळ्या भाषेत साठ वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे: वाढ मुंबई-पुण्यातच होऊ द्यायची, की राज्यभरच्या मध्यम शहरांत पसरवायची? अर्थतज्ज्ञ, नगररचनाकार, समाजशास्त्रज्ञ आणि त्या शहरांतले रहिवासी या सर्वांनी यावर बरेच काही म्हटले आहे. त्यांचे म्हणणे शेजारी-शेजारी ठेवून हा वाद आज कुठे उभा आहे ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कोणती शहरे?

लहान शहर कशाला म्हणायचे, यावर सरकारी खात्यांचेही एकमत नाही. घरभाडे भत्त्यासाठी केंद्र सरकार 50 लाखांवरच्या शहरांना एक्स, 5 ते 50 लाखांच्या शहरांना वाय आणि बाकीच्यांना झेड वर्गात घालते. त्यामुळे मुंबई आणि पुणे पहिल्या वर्गात येतात. नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, नांदेड, अमरावती दुसऱ्या. आणि लातूर, जळगाव, अकोला तिसऱ्या. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत मात्र एक लाखावर वस्ती असलेले प्रत्येक शहर पहिल्या श्रेणीत बसते, म्हणजे सातारा आणि मुंबई एकाच रांगेत.

या लेखापुरते लहान शहर म्हणजे साधारण एक ते बारा लाख वस्तीचे आणि मुंबई किंवा पुण्याच्या पट्ट्याबाहेरचे शहर. भिवंडी किंवा पनवेलचे जगणे मुंबईच्या लोकलवर आणि बाजारावर उभे आहे, म्हणून ती इथे धरलेली नाहीत. 2011 च्या जनगणनेनुसार छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) पावणेबारा लाखांचे, सोलापूर साडेनऊ लाखांचे, अमरावती साडेसहा लाखांचे, कोल्हापूर आणि नांदेड साडेपाच लाखांच्या आसपास, जळगाव 4 लाख 60 हजारांचे, तर लातूर 3 लाख 80 हजारांचे होते. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे या वादातले सगळेच आकडे जुने आहेत. हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावे लागेल.

पार्श्वभूमी

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले 45 टक्के लोक शहरांत राहणारे निघाले. देशाचे प्रमाण तेव्हा 31 टक्के होते. पण या शहरी महाराष्ट्राची निम्म्याच्या जवळपास वस्ती मुंबई आणि पुणे या दोन नागरी समूहांत होती. ही स्थिती अचानक आलेली नाही आणि ती बदलावी म्हणून कोणी काही केले नाही, असेही नाही.

राज्य स्थापन झाल्यावर दोनच वर्षांनी, 1962 मध्ये, औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) आले. 1964 पासून मुंबई-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती मिळू लागल्या. आज जिल्ह्याच्या ठिकाणी ‘एमआयडीसीत कामाला आहे’ हे वाक्य जे सहज ऐकू येते, त्याचे मूळ इथे आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची साखळी उभी राहिली. या धोरणाचे हे बहुधा सर्वांत ठळक यश.

मग समतोलाचा हिशेब मांडला गेला. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने 1984 मध्ये जिल्ह्यांचा अनुशेष मोजला. 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत 2020 मध्ये संपली. विजय केळकर समितीने 2013 मध्ये हाच प्रश्न नव्याने तपासला. या साऱ्या मांडणीचा भर प्रदेश, जिल्हा आणि तालुका यांवर राहिला. सिंचन, रस्ते, वीज यांचा अनुशेष मोजण्यासाठी ते योग्यच होते. मात्र शहर हे स्वतंत्र एकक म्हणून त्यात फारसे दिसत नाही, आणि माझ्या मते पुढच्या अनेक अडचणींची सुरुवात तिथे आहे.

केंद्राने 1979-80 मध्ये लहान आणि मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना आणली, 2005 मध्ये नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान आणि 2015 मध्ये स्मार्ट सिटी. स्मार्ट सिटीत महाराष्ट्राची जी शहरे अखेरपर्यंत राहिली त्यांत पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नागपूर, नाशिक होती; या लेखाच्या व्याख्येत बसणारी सोलापूर आणि औरंगाबाद ही दोनच. कोल्हापूर, सांगली, लातूर, नांदेड, जळगाव, अकोला बाहेर राहिली.

पहिली बाजू: घर, वेळ आणि माणसे

लहान शहराच्या बाजूने बोलणारे आधी खर्चाचा मुद्दा मांडतात. सरकारी घरभाडे भत्त्यातच तो मान्य केलेला आहे: 2024 पासून केंद्रीय कर्मचाऱ्याला एक्स शहरात मूळ वेतनाच्या 30 टक्के, वाय शहरात 20 आणि झेड शहरात 10 टक्के भत्ता मिळतो. घर, जागा, दुकानाचा गाळा, शाळेची फी आणि घरकामाची मदत या गोष्टी खरोखर स्वस्त पडतात. पेट्रोल, गॅस, औषधे, मोबाइल, कपडे, विजेची उपकरणे यांत मात्र काही वाचत नाही. मालवाहतुकीचे अंतर आणि दुकानांतली कमी स्पर्धा यामुळे काही वस्तू उलट महाग पडतात. म्हणजे स्वस्ताई आहे ती मुख्यतः जमिनीची. ज्याच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी प्लॉट घेऊन ठेवला त्याला ती सर्वाधिक मिळते. बदलीवर आलेल्या किंवा खेड्यातून नव्याने आलेल्या भाडेकरूच्या वाट्याला ती बरीच कमी येते.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि मला तो पैशांहून मोठा वाटतो. पंधरा मिनिटांत कामावर पोचणारा माणूस दुपारी घरी जेवू शकतो, मुलाला शाळेतून आणू शकतो, संध्याकाळी तालमीत, ग्रंथालयात किंवा नाटकाच्या तालमीला जाऊ शकतो. लहान शहरांतली हौशी रंगभूमी याच वेळेवर जगली. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांचे नाटक सांगलीत झाले, रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. या संस्था उभ्या राहिल्या आणि टिकल्या त्या नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळचे दोन तास देणाऱ्यांच्या जिवावर. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळाले तेव्हा शहराने जी हळहळ व्यक्त केली, तिच्यात एका वास्तूइतकेच या सगळ्या संध्याकाळींचेही दुःख होते.

तिसरी गोष्ट माणसांची. आजी-आजोबा जवळ असले की नोकरी करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला पाळणाघर शोधावे लागत नाही. अडीअडचणीला भिशी असते, ओळखीची सहकारी बँक असते, दुकानदाराकडे खाते असते. छोट्या व्यावसायिकाला हे भांडवलाइतकेच मोलाचे असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीवाला, पॅटर्न बनवणारा आणि मशीनशॉपवाला एकमेकांना शब्दावर काम देतात. नवख्या शहरात तो शब्द कमवायला वर्षे जातात.

दुसरी बाजू: कामाची दाटी

मोठ्या शहरांचे समर्थक यावर जो युक्तिवाद करतात तो जुना आणि भक्कम आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच मांडले होते की एका प्रकारचे उद्योग एका जागी जमले की कुशल कामगार, पुरवठादार आणि माहिती या तिन्ही गोष्टी हाताशी येतात. एडवर्ड ग्लेझर यांच्यासारखे अलीकडचे अर्थतज्ज्ञ हाच धागा पुढे नेतात: मोठ्या शहरात पगार जास्त असतो, कारण तिथे माणसाची उत्पादकता वाढते आणि एकमेकांकडून शिकणे वेगाने होते.

सामान्य माणसाच्या भाषेत याचा अर्थ इतकाच की पुण्यात एक नोकरी गेली तर दुसरी मिळते. लातुरात संगणक अभियंत्याची एक नोकरी गेली तर पुढची बहुधा पुण्यातच शोधावी लागते. नवरा-बायको दोघेही आपापल्या क्षेत्रात शिकलेले असले तर अडचण दुप्पट होते. एकाला अकोल्यात मनाजोगते काम मिळाले तरी दुसऱ्याला ते मिळेलच असे नाही, आणि अशा वेळी तडजोड बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येते. लहान शहरात परतलेल्या उच्चशिक्षित स्त्रियांची गोष्ट या चर्चेत फार कमी ऐकू येते, म्हणून मी ती इथे मुद्दाम नोंदवतो.

यावर पहिल्या बाजूचे उत्तर असे की दाटी फक्त महानगरातच होते असे नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 च्या सुमारास आला आणि एका संस्थानी गावाचे वस्त्रनगर झाले. कोल्हापूरच्या फौंड्रीचे, सांगलीच्या हळद बाजाराचे, जळगावच्या केळी, सोने आणि ठिबक सिंचनाचे असेच. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे. एका उद्योगावर उभे असलेले शहर त्या उद्योगाबरोबर खालीही येते. सोलापुरात 1877 मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि शतकभर भोंग्यावर शहराचे घड्याळ चालले. गिरण्या बंद पडल्यावर त्यांची जागा घेईल असे मोठे काही आले नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत सोलापूरची लोकसंख्या जेमतेम 9 टक्क्यांनी वाढली, तेव्हा राज्याची एकूण लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढत होती. जन्म आणि मृत्यू यांच्या फरकाने जेवढी व्हावी त्याहून वाढ कमी, म्हणजे माणसे बाहेर गेली. त्याच दशकात पिंपरी-चिंचवड 10 लाखांवरून 17 लाखांवर पोचले. त्यांतले कितीजण कुठून आले हे चाकण-भोसरीच्या कोणत्याही कारखान्याच्या दारात उभे राहिले तरी कळते.

पाणी

या वादात नळाच्या पाण्याचा मुद्दा मला सर्वांत निर्णायक वाटतो, आणि घर कुठे घ्यायचे याच्या चर्चेत तो बहुधा सर्वांत शेवटी येतो.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ‘जलदूत’ नावाची ती गाडी देशभर बातमी झाली. पण दुष्काळाच्या वर्षाची ही गोष्ट बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. उजनी धरण भरलेले असतानाही सोलापूरच्या नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते. जायकवाडी भरून गोदावरीत पाणी सोडले जात असतानाही पन्नासेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात लोक पाण्याच्या पाळीचा दिवस मोजत असतात. म्हणजे कमतरता धरणात नसून जलवाहिनी, टाक्या आणि गळक्या वितरणात आहे. संभाजीनगरची 1,680 कोटी रुपयांची म्हणून मंजूर झालेली योजना पुढे 2,740 कोटींवर गेली. कोल्हापूरने काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनसाठी काही दशके आंदोलने केली आणि 2023 च्या दिवाळीच्या सुमारास ते पाणी शहरात पोचले. पंचगंगेच्या काठी वसलेल्या शहराला दूरच्या धरणातून पाणी आणावे लागले, याचे कारण नदीचे प्रदूषण आहे. हीच पंचगंगा 2019 आणि 2021 मध्ये शहरात शिरली. कृष्णेने सांगलीचे तेच केले.

घराच्या पातळीवर याचा हिशेब मांडून पाहावा. जमिनीखालचा हौद, गच्चीवरच्या दोन टाक्या, मोटर, बोअर, बोअर आटल्यावर टँकर, पिण्यासाठी जार. पाणी येण्याची वेळ रात्री दोनची असेल तर घरातले कोणीतरी जागे राहते, आणि ते कोण असते हे सांगायची गरज नाही. स्वस्त घरातून वाचलेल्या पैशाचा आणि लहान अंतरांतून वाचलेल्या वेळेचा काही भाग इथे परत जातो. ज्यांच्या घराला हौद नाही, त्यांचा तर रोजगाराचा दिवसच जातो.

हवेचेही थोडे असेच आहे. लहान शहराची हवा स्वच्छ असते हा समज पक्का आहे. पण 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांची जी यादी आहे, तिच्यात मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर, कोल्हापूर, सांगली, लातूर, जालना, जळगाव, अकोला, अमरावती, चंद्रपूर अशी नावे आहेत. उखडलेले रस्ते, उघड्यावर जाळला जाणारा कचरा, वीटभट्ट्या आणि वाढती वाहने ही कारणे तिथल्या कोणालाही डोळ्यांनी दिसतात.

दवाखाना, कॉलेज, गाडी

आरोग्यात चित्र शहरागणिक बदलते. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि त्या शहराला वैद्यकीय पंढरी केले. कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येत राहिले. लातूरचे विवेकानंद रुग्णालय, बार्शीचे कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे हेडगेवार रुग्णालय यांनी त्या त्या भागाला आधार दिला. गेल्या पाचेक वर्षांत सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग, धाराशिव, परभणी, रत्नागिरी इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. तरीही मेंदूची शस्त्रक्रिया, नवजात बाळाचा गुंतागुंतीचा आजार, अवयव प्रत्यारोपण म्हटले की ‘पुण्याला न्या’ हे वाक्य ऐकावे लागते, आणि त्या वाक्याबरोबर काही तासांचा रुग्णवाहिकेचा प्रवास सुरू होतो. साठी ओलांडलेल्या जोडप्यांनी निवृत्तीनंतर कुठे राहायचे हे ठरवताना हाच मुद्दा पुढे येतो. वयाच्या तिशीत लहान शहर सोयीचे वाटणे आणि सत्तरीत ते सोयीचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिक्षणात लातूरने दिशाच उलटी केली. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांभोवती वाढलेल्या लातूर पॅटर्नमुळे इतर जिल्ह्यांतली मुले अकरावी-बारावीसाठी लातूरला येऊन खोली घेऊन राहतात. पण वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला नंबर लागला की तीच मुले निघून जातात. सांगलीचे वालचंद महाविद्यालय 1947 पासून अभियंते घडवत आहे. त्यांतल्या बहुतेकांचे कार्यक्षेत्र सांगलीबाहेर राहिले.

प्रवास अलीकडे सुधारला आहे. मुंबई-सोलापूर वंदे भारत 2023 मध्ये आली, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, अमरावतीहून त्याच वर्षी विमानसेवा सुरू झाली, आणि अहिल्यानगर-बीड रेल्वे अनेक वर्षांच्या मागणीनंतर 17 सप्टेंबर 2025 ला धावली. महानगराकडे जाण्याची सोय वाढली, शहरातल्या शहरात फिरण्याची मात्र वाढली नाही. कोल्हापूरची केएमटी आणि सोलापूरची परिवहन सेवा आर्थिक अडचणीत राहिल्या; कित्येक शहरांत सिटी बस नावापुरती आहे. दुचाकी चालवता न येणाऱ्या वृद्धाला, शाळकरी मुलीला, अपंग व्यक्तीला लहान शहरातले लहान अंतरही मोठे होते.

इथवर आल्यावर एक गोष्ट लक्षात येते. लहान शहराचे बहुतेक फायदे खासगी आहेत: वडिलोपार्जित घर, नातलग, ओळखी, मोकळी संध्याकाळ. तोटे बहुतेक सार्वजनिक आहेत: पाणी, बस, रुग्णालय, नदी, नोकरी. म्हणून ज्याच्याजवळ घर आणि गोतावळा आहे त्याला हे शहर सुखाचे वाटते आणि ज्याच्याजवळ यांतले काही नाही त्याला ते महानगराहून अवघड जाते. दोघेही आपल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच दोघांचा वाद मिटत नाही.

ओळखीचे शहर कोणाचे?

वर ज्या ओळखींना भांडवल म्हटले, त्यांची दुसरी बाजू समाजशास्त्रज्ञांनी आणि दलित चळवळीने मांडली आहे. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याविषयीच्या भाबड्या कल्पनांवर कठोर टीका केली. खेड्यात माणसाला जन्माची ओळख सोडत नाही आणि शहर ती सुटण्याची शक्यता देते, हा विचार पुढे आंबेडकरी परंपरेत रुजला. लहान शहर या दोहोंच्या मधे उभे आहे. पेठा, गल्ल्या आणि वाडे जातींच्या नावाने ओळखले जातात. नवा माणूस भेटला की आडनाव, मग गाव, मग कोणाचा कोण हे विचारले जाते आणि दोन मिनिटांत त्याची जागा ठरते. आंतरजातीय लग्न केलेली जोडपी पुण्या-मुंबईचा रस्ता धरतात, त्यामागे नोकरीइतकेच हेही कारण असते.

याला उत्तर देणारे विचारतात की महानगरात तरी जात कुठे सुटते? सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये राजधानी दिल्लीच्या परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना उघडपणे नकार किंवा जाचक अटी मिळतात असे दिसले. मोठ्या शहरांत वस्त्याही जातीनिहाय विभागलेल्या असतात हे जनगणनेच्या आकड्यांवरून इतर अभ्यासकांनी दाखवले आहे. तेव्हा फरक प्रमाणाचा आहे. महानगरात दहा दारांवर नकार मिळाला तरी अकरावे दार असते. लहान शहरात दारेच मोजकी आणि घरमालक एकमेकांच्या ओळखीचे.

मुली आणि स्त्रियांबाबतही दोन मते आहेत. ‘इथे सगळे ओळखतात म्हणून मुलगी सुरक्षित’ असे वडील म्हणतात. ‘सगळे ओळखतात म्हणूनच कुठे थांबता येत नाही’ असे मुली सांगतात. कोणाबरोबर चहा प्यायला, क्लास सुटल्यावर किती वाजता घरी आली, याची बातमी तिच्याआधी घरी पोचते. एकट्या राहणाऱ्या, घटस्फोटित किंवा लग्न न केलेल्या बाईला भाड्याने घर मिळवताना जी उत्तरे द्यावी लागतात, ती विचारण्याचा हक्क लहान शहरात अधिक लोक आपला मानतात. मला वडिलांची काळजी कळते, पण या मुद्द्यावर मुलींचे म्हणणे अधिक वजनाचे मानायला हवे, कारण तिथे राहायचे की नाही हे यापुढे त्या ठरवणार आहेत. त्या परतल्या नाहीत तर शहर म्हातारे होईल.

अभ्यास काय सांगतात

जागतिक बँकेचा 2009 चा विकास अहवाल दाटीच्या बाजूचा होता: माणसांना संधीकडे जाऊ द्यावे, संधी जबरदस्तीने पसरवू नयेत. त्याला छेद देणारे पुरावे नंतर आले. जॉन गिब्सन, गौरव दत्त, रिंकू मुरगई आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांच्या 2017 च्या निबंधात उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडावरून भारतातल्या शहरांची वाढ मोजली आहे. ग्रामीण गरिबी कमी होण्यात मोठ्या शहरांच्या वाढीपेक्षा लहान शहरांच्या वाढीचा वाटा जास्त असल्याचे त्यांना आढळले. कारण उघड आहे. भूमिहीन मजूर जवळच्या शहरात सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. त्याला मुंबईच्या झोपडपट्टीचे भाडे आणि दलाल परवडत नाहीत.

एरिक डेनिस, मारी-एलेन झेरा आणि पार्थ मुखोपाध्याय यांनी 2012 मध्ये महानगरांच्या छायेबाहेर, सरकारी योजनांची वाट न पाहता आपल्या बळावर वाढणाऱ्या वस्त्यांकडे लक्ष वेधले. 2001 मध्ये देशात 1,362 जनगणना शहरे होती, 2011 मध्ये ती 3,894 झाली. शेतीबाहेरचे काम तिथे आले, पण नगरपालिका आलेली नाही.

या अभ्यासांचा अर्थ काढताना सावध राहावे लागते. गरिबी हटवण्यासाठी लहान शहर उपयोगी, एवढे ते सांगतात. शिकलेल्या मध्यमवर्गीयाने कुठे राहावे याचे उत्तर त्यांत नाही. आणि मुंबईत सर्वांनाच यायचे आहे असेही नाही: 2001 ते 2011 या काळात दक्षिणेकडच्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 7 टक्क्यांहून अधिक घटली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातही ती घटलीच. पहिल्या ठिकाणी जागेचे भाव, दुसऱ्या ठिकाणी कामाचा अभाव, अशी कारणे पूर्ण उलटी आहेत.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न घरून काम करण्याचा. 2020 च्या टाळेबंदीत हजारो तरुण आपापल्या गावी परतले आणि सांगली-कोल्हापूरच्या घरांतून पुण्या-बेंगळुरूची कामे झाली. तमिळनाडूत तेनकाशीजवळ झोहो कंपनीने त्याआधीच कार्यालय थाटून दाखवले होते. नंतर बहुतेक कंपन्यांनी आठवड्यातून काही दिवस तरी हजेरी मागायला सुरुवात केली. ज्यांचे काम पूर्णपणे दूरून चालते असे लोक किती उरले आणि बढतीच्या वेळी ते मागे पडतात का, हे अजून पुरेसे तपासले गेलेले नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा आणि अधिकारांचा. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. पण उत्पन्नाची साधने हातातून गेली: जकात गेली, मग 2015 मध्ये स्थानिक संस्था कर बहुतांशी गेला, आणि 2017 च्या जीएसटीनंतर महापालिका राज्याच्या भरपाई अनुदानावर अवलंबून झाल्या. त्यात 2020 नंतर मुदती संपलेल्या महापालिकांत निवडणुका झाल्या नाहीत आणि वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. पाण्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नसलेल्या त्या वर्षांचा नेमका परिणाम काय झाला, यावर सविस्तर अभ्यास व्हायला हवा.

तिसरा, हद्दीचा. कोल्हापूर महापालिका 1972 ची, आणि त्यानंतर शहराची हद्द वाढलेली नाही. शहराचे म्हणणे असे की सोयी आम्ही पुरवायच्या आणि वाढ शेजारच्या गावांत होणार. गावांचे म्हणणे असे की कर वाढेल, शेतीवर आरक्षणे पडतील आणि ग्रामपंचायत जाईल. दोन्ही बाजूंना पटेल असा तोडगा अजून निघालेला नाही. तोवर मोठे गृहप्रकल्प सांडपाण्याची सोय नसलेल्या गावांच्या हद्दीत उभे राहतात आणि ते पाणी पंचगंगेत जाते.

चौथा प्रश्न संस्थांचा, आणि इथे काहीतरी नवे घडले आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 रोजी सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ मागणी केली होती. सवलती देऊन कारखाना आणण्यापेक्षा हा मार्ग वेगळा आहे. इथे एक महत्त्वाची सार्वजनिक संस्थाच शहरात आली. तिच्यामागे वकील, टंकलेखक, खानावळी, भाड्याची घरे आणि कायद्याची पुस्तके येतील, तसेच जागेचे भावही वाढतील. 2027 ची जनगणना इतका ताजा बदल टिपू शकणार नाही. कायदा शिकून मुंबईला जाणाऱ्या मुलामुलींपैकी किती जण आता कोल्हापुरातच वकिली सुरू करतात आणि पाच वर्षांनी तिथेच असतात, याची नोंद बार असोसिएशनच्या सभासद-यादीवरून आजपासून ठेवता येण्यासारखी आहे.